नाव कुणाचं खोडायचं?

तामिळनाडूत पापनाशम नावाची दोन गावं आहेत. एक तिरुनेलवेलीकडचं, ताम्रपर्णीच्या काठावर, धरण-धबधब्यासह. कमल हासनचा 2015 सालचा ‘पापनासम’ त्या गावातला. दुसरं तंजावर जिल्ह्यातलं, कुंभकोणमपासून 15 किलोमीटरवर, आजूबाजूला भातखाचरं आणि विड्याच्या पानांचे मळे. यावर कुणी सिनेमा काढला नाही. माझी सासुरवाडी अर्थातच या दुसऱ्यात. गावाचं नाव सांगितलं की समोरचा ‘ते कमल हासनवालं का?’ म्हणून विचारतो, आणि माझे सासरे, ज्यांची सगळी हयात पोस्टाच्या नोकरीत गेली, शांतपणे उत्तर देतात, ‘सहा एक चार, दोन शून्य पाच.’

एका नावाची दोन गावं असली की पत्रं भलतीकडे जातात, म्हणून तर पिन कोड आला. 15 ऑगस्ट 1972 रोजी तो सुरू झाला आणि त्याचे जनक होते श्रीराम भिकाजी वेलणकर. कोकणातला मराठी माणूस, पोस्टातला मोठा अधिकारी आणि वर संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारा. सासऱ्यांच्या हिशेबी महाराष्ट्राने देशाला दोन गोष्टी दिल्या: शिवाजी महाराज आणि पिन कोड. तिसरी अजून यायची आहे. मी पुण्याचा असूनही ती मी नाही, हे त्यांनी लग्नातच ओळखलं असावं.

अशा घरात ‘आता ईमेलने न्यूजलेटर काढायचं’ असा विषय निघाला.

विषय काढला सासूबाईंनी. सासूबाई तंजावर शैलीची चित्रं करतात. त्यांच्या माहेरचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग, म्हणजे 1675 च्या आसपास, इकडे आले असं त्या सांगतात. पुरावा मागायची माझी छाती नाही. त्यांचं मराठी साडेतीनशे वर्षं कावेरीचं पाणी प्यायलेलं. पुण्याच्या माणसाला ते सत्तर टक्के कळतं आणि उरलेल्या तीस टक्क्यांत त्याच्याविषयीचं मत असतं. घराच्या पुढच्या ओसरीवर त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे त्या, हाताखाली दोन मुली, आणि एक पंखा जो बहुतेक वेळ बंद असतो.

पंख्याचं कारण सांगायला हवं. प्लायवुडच्या फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे थर द्यायचे, वाळले की घासून गुळगुळीत करायचे. मग बाळकृष्णाचं रेखाटन. मग जयपूरचे खडे बसवायचे. मग खडूपूड-डिंकाच्याच लगद्याने दागिने, कमान, लोण्याचं मडकं असं सगळं उठावात आणायचं. आणि त्यावर 22 कॅरेट सोन्याचा वर्ख. हा वर्ख इतका हलका की पंखा सोडा, दारातून कुणी मोठ्याने ‘काय चाललंय?’ विचारलं तरी बाळकृष्णाचा बाजूबंद उडून सासूबाईंच्या केसांत जातो. त्यामुळे मे महिन्यातसुद्धा पंखा बंद, आणि घाम चित्रावर पडू नये म्हणून प्रत्येकीच्या कपाळाला फडकं. एका चित्राला तीन-चार आठवडे सहज जातात. सोन्याचा भाव चढला की बाळकृष्णाचाही चढतो. मग जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, ‘गेल्या वर्षी तर एवढाच कृष्ण निम्म्या किमतीत होता.’ कृष्ण तेवढाच आहे हो, बाजूबंद महागला.

तर ही चित्रं विकायची कशी? आधी व्हॉट्सअॅपचा ग्रुप होता. त्यात अडचण अशी झाली की देवाचा फोटो टाकला की भाविक मनाचं गिऱ्हाईक हात जोडतं. महिनाभर खपून केलेल्या राम पट्टाभिषेकाला घटकेत चाळीस नमस्कार आले, ‘प्रसन्न वाटलं’ असे निरोप आले, कुणीतरी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून तिथलेही नमस्कार मिळवले. किंमत एकानेही विचारली नाही. दर्शनाचे पैसे कोण देतं? ब्रॉडकास्ट करून पाहावं, तर एका यादीत 256 पेक्षा जास्त माणसं घेत नाहीत, आणि ज्याने आपला नंबर साठवून ठेवलेला नाही त्याला निरोप जातच नाही. ज्यांनी सासूबाईंचा नंबर साठवला आहे ते सगळे नातेवाईक. नातेवाईक चित्र विकत घेत नाहीत, वास्तुशांतीला अपेक्षा ठेवतात.

मात्र सासूबाईंकडे एक जाड वही होती. चेन्नई, बंगळुरू, पुणे इथल्या प्रदर्शनांत लोकांनी आपापले ईमेल पत्ते लिहून ठेवलेली. पुण्याची पानं सर्वांत जास्त भरलेली. पुण्यात काहीही न घेता स्टॉलवरून सभ्यपणे निघायची ती पद्धत आहे: आपण पत्ता लिहितो, ‘नक्की कळवा’ म्हणतो, आणि शेजारच्या स्टॉलवर भाकरवडी घेतो. वही, जुनी गिऱ्हाइकं, न्यू जर्सीच्या भाचीने जमवून दिलेली मंडळी आणि नातेवाईक मिळून यादी सहाशेच्या वर गेली. ‘मावशी, तू न्यूजलेटर काढ,’ असं त्या भाचीनेच फोनवर सुचवलं आणि झोपायला गेली. तिकडे रात्र होती. आमच्याकडे सकाळ होती, आणि मी ओसरीवर रिकामा बसलेला होतो.

तिकडे जावयाला माप्पिळ्ळै म्हणतात. माप्पिळ्ळैला पाट मिळतो, पहिली वाफाळती कॉफी मिळते, त्याला कामाला लावत नाहीत. फक्त कॉम्प्युटरवर जे होतं ते काम धरत नाहीत.

‘जावईबापू, चांगलीशी सर्व्हिस बघून द्या,’ सासूबाई म्हणाल्या. ‘फार महाग नको. आणि जुनी, भरवशाची हवी.’

‘सर्व्हिस’ हा शब्द ऐकून सासरे वर्तमानपत्रामागून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदाच माझं कुठलं तरी काम त्यांच्या खात्यात पडत होतं.

पहिला नंबर मेलचिंपचा. अटलांटा गावची कंपनी, 2001 पासूनची, बोधचिन्ह टोपीतला चिंपांझी. 2021 मध्ये इंट्युइटने ती सुमारे 12 अब्ज डॉलरला घेतली. बारा अब्ज ऐकून सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. सासूबाईंना चिंपांझी पसंत पडला. ‘वानराने पत्र नेलं तर वाईट काय? लंकेत मुद्रिका कुणी नेली?’ यावर कुणी काय बोलणार? सासऱ्यांनी मात्र विचारलं, ‘पोस्टेज कसं लावतात?’

इथे या धंद्यातली गोम येते. पोस्टात तिकीट पत्राला लागतं. पोस्टकार्ड आजही 50 पैसे. धाडलं तर 50 पैसे, नाही धाडलं तर शून्य. या बहुतेक सर्व्हिसेसमध्ये पैसे यादीतल्या माणसांवर लागतात. पत्र पाठवा, न पाठवा. यादीत इतकी डोकी, म्हणून इतके डॉलर. मेलचिंपचा फुकट हप्ता एके काळी 2000 डोक्यांपर्यंत होता, पुढे तो 500 वर आला. सासऱ्यांनी हे दोनदा समजावून घेतलं. ‘म्हणजे माणूस ओळखीचा आहे, याचे पैसे?’

‘हो.’

‘पत्र नाही लिहिलं तरी?’

‘हो.’

‘हा जिझिया आहे,’ असं म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उचलला, पण वाचत नव्हते.

दुसरी किट. तिचं आधीचं नाव कन्व्हर्टकिट. 2018 साली त्यांनी नाव बदलून ‘सेवा’ ठेवायचं जाहीर केलं. शीख धर्मात त्या शब्दाला केवढं पावित्र्य आहे याची लोकांनी जाणीव करून दिल्यावर मालकांनी माफी मागून जुनं नाव ठेवलं, आणि 2024 मध्ये नुसतं ‘किट’ केलं. फुकट हप्ता मात्र दिलदार, दहा हजार माणसांपर्यंत. मला ती आवडली होती. सासऱ्यांचा आक्षेप असा की सहा वर्षांत तीन नावं ज्या घराला लागतात तिथे पोस्टमनने दार वाजवायचं कुणाच्या नावाने?

नावाचा आणि टिकण्याचा मुद्दा त्यांनी लावून धरला. त्यात दुर्दैवाने मी त्यांना टायनीलेटरची हकिगत सांगितली. लहानसहान लेखक-कलावंतांची ती लाडकी सर्व्हिस, 2010 ची. दुसऱ्याच वर्षी मेलचिंपने विकत घेतली आणि 29 फेब्रुवारी 2024 रोजी बंद केली. म्हणजे वर्षश्राद्धसुद्धा चार वर्षांनी एकदा. रेव्ह्यू नावाची दुसरी एक होती. ती 2021 च्या जानेवारीत ट्विटरने घेतली, 2023 च्या जानेवारीत मिटवली. सासऱ्यांनी सावकाश मान हलवली. ‘आमचं खातं 1854 चं,’ ते म्हणाले. ‘1855 साली तंजावरचं राज्य गेलं. पोस्ट राहिलं.’ राज्य त्यांच्या सासरच्या मंडळींचं, त्यामुळे ते गेल्याचं त्यांना फारसं दुःख दिसलं नाही.

सबस्टॅकचा विचार कॉफी गार व्हायच्या आत संपला. ती लिहिणाऱ्यांची पेठ; वाचकाने पैसे दिले तर ते शेकडा दहा ठेवून घेतात. आमचा बाळकृष्ण लिहीत नाही. लोणी खातो.

शेजारच्या वकिलांनी झोहोचं नाव लावून धरलं. कारण सर्व्हिस नव्हे, कारण झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू मूळचे तंजावर जिल्ह्यातले. ‘आपला माणूस असताना अमेरिकेत कशाला जाता?’ इतका साधा सवाल. सासरेही अनुकूल होत होते. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की वेंबू आता तेनकाशीकडच्या एका खेड्यात राहतात. सासऱ्यांनी मनातल्या मनात नकाशा काढला. तेनकाशी म्हणजे त्या दुसऱ्या पापनाशमच्या अंगाला. विषय तिथेच मिटला. झोहोची माणसं हा लेख वाचत असतील तर त्यांनी मनावर घेऊ नये. त्यांच्यात दोष काही नाही, पिन कोड चुकला.

आता मेलचिंपचा 500 चा हप्ता घ्यायचा आणि यादीतून शे-सव्वाशे नावं काढायची, एवढा एक मार्ग राहिला. इंग्रजी मार्गदर्शक मंडळी याला ‘लिस्ट स्वच्छ करणं’ म्हणतात. जो सहा महिने पत्र उघडत नाही त्याला वगळा, निष्ठुर व्हा, असं ती सांगतात. त्यांनी कधी मराठी घरात लग्नाच्या आमंत्रणाची यादी केलेली नसावी. ही मराठी घरं तर दक्षिणेत साडेतीन शतकं एकमेकांना धरून राहिलेली, सोयरीक त्यातल्या त्यातच, त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाचा दोन बाजूंनी कुणीतरी लागतो. एक नाव खोडलं की दोन घरं रुसतात.

जेवणं झाल्यावर यादी मोठ्याने वाचायला घेतली. मी नाव वाचायचं, सासूबाईंनी ‘ठेवा’ म्हणायचं.

‘हे 2009 साली एक छोटी लक्ष्मी घेऊन गेले, त्यानंतर पत्ता नाही.’

‘ठेवा. लक्ष्मी घेऊन गेलेल्या माणसाला काढतात का?’

‘यांनी आजवर काहीच घेतलं नाही.’

‘मग आता घेतील.’

‘या बाईंचे तीन पत्ते आहेत. दोन काढू?’

‘कुठले दोन? चुकीचे काढलेत तर?’

‘हे कुंभकोणमचे अण्णा...’ मी थांबलो. अण्णा वारून चार वर्षं झाली होती. ओसरीवर कुणीच बोलेना. मग सासूबाई म्हणाल्या, ‘त्यांचं नाव मी माझ्या हाताने नाही खोडायची.’ सासरे म्हणाले, ‘पोस्टात सुद्धा वारसाचा अर्ज आल्याशिवाय काही बदलत नाहीत.’ ठेवलं.

रात्री हिशोब केला तेव्हा यादीतली माणसं वाढलेली होती. वाचता वाचता सासूबाईंना राहिलेली नावं आठवत गेली.

मधल्या काळात नावांचा नमुना भरायचा होता. सगळ्या सर्व्हिसेसच्या तक्त्यात दोन रकाने: पहिलं नाव, आडनाव. हे ज्या कुणी ठरवलं तो कावेरीच्या काठी आलेला नाही. तामिळ माणसाला आडनाव नसतं. त्याला नाव असतं आणि पुढे इनिशियल, बापाच्या नावाचं किंवा गावाचं. आमच्या मराठी मंडळींनीही इथे येऊन आडनावं पेटीत घातली आणि नावापुढे राव लावला. वहीत सगळे टी. आर. राव, एस. के. राव, पी. रामचंद्रन. तक्त्यात पहिलं अक्षर पहिल्या रकान्यात गेलं. मग मोठ्या हौसेने स्वतःलाच नमुन्याची पत्रं पाठवून पाहिली, आणि संगणकाने एकामागून एक लिहिलं: ‘प्रिय टी’, ‘प्रिय एस’, ‘प्रिय पी’. त्यातल्या टीचा उलगडा सासऱ्यांनी केला. टी म्हणजे तंजावूर. सासूबाई दहावीपासून ओळखत असलेल्या गृहस्थांना आम्ही ‘प्रिय तंजावर’ असं पत्र धाडणार होतो.

गावाच्या नावाने माणूस ओळखला जाणं इकडे नवीन नाही. पापनाशम शिवन हे केवढे मोठे वाग्गेयकार. त्यांचं नाव रामय्या, जन्म 1890 साली पोळगम गावचा. पापनाशममध्ये राहायला आले, अंगाला भस्म फासून भजनं गात हिंडत, लोक म्हणाले हा साक्षात शिवन. झालं. नाव त्यांचं नाही, गाव जन्माचं नाही, तरी सबंध कर्नाटक संगीत त्यांना त्याच नावाने ओळखतं. ‘प्रेषकाच्या नावाच्या रकान्यात काय भरावं’ यावर मी इंग्रजीत पुष्कळ सल्ले वाचले. या उदाहरणापुढे सगळे फिके. आम्ही ‘पापनाशम बोम्मै अम्मा’ भरलं, कारण गल्लीतली पोरं सासूबाईंना चित्रवाल्या म्हणून तसंच हाक मारतात.

‘प्रिय’ हा मायना मात्र कुणालाच रुचला नाही. अमेरिकेतल्या भाचीला प्रिय चालेल, पण कुंभकोणमच्या आत्याबाईंना प्रिय? त्यांना तीर्थरूप. गिऱ्हाइकाला राजमान्य राजश्री. संगणकाने प्रत्येकाचं वय आणि नातं बघून मायना घालावा अशी सासूबाईंची रास्त मागणी. याला ‘सेगमेंट’ म्हणतात आणि त्याची सोय असते, हे ऐकून त्यांना आनंद झाला. वडीलधारे, धाकटे, गिऱ्हाइकं असे तीन वर्ग पाडायला त्या बसल्या आणि जे गिऱ्हाईक आहेत, वयाने धाकटे आहेत, पण नात्याने मामा लागतात त्यांच्यापाशी अडल्या. दोन दिवस तसंच राहिलं. शेवटी सगळ्यांना ‘सप्रेम नमस्कार’.

मजकूर हा स्वतंत्र अध्याय आहे. सासूबाईंनी आधी मराठीत लिहिला, मग तामिळमध्ये, मग भाचीने इंग्रजी केला. आता जीमेलचा नियम असा की पत्राचा मसुदा 102 किलोबाइटच्या वर गेला की पुढचं तो झाकून टाकतो. आणि इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो तिथे देवनागरीच्या आणि तामिळच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. म्हणजे तेवढंच बोलायला तिप्पट जागा. आधीच आपण थोडक्यात बोलणारे नव्हे. ‘जरा आटोपशीर लिहू या,’ असं मी म्हणालो. सासूबाईंनी तंजावरच्या दिशेला हात केला. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत भिंतीवर खोदून घेतला आहे. ‘तो कुणी झाकला?’ त्यांनी विचारलं. मी मजकुराला हात लावला नाही.

मग तळपट्टी. अमेरिकेत 2003 साली कायदा झाला की धंद्याच्या अशा प्रत्येक ईमेलखाली पाठवणाऱ्याचा टपालाचा खरा पत्ता हवाच. अमेरिकेत गिऱ्हाइकं आहेत, शिवाय सर्व्हिसवाले तो रकाना रिकामा सोडूच देत नाहीत. लोक यावर कुरकुरतात. घरचा पत्ता जगाला कशाला? सासऱ्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचं बाकी होतं. इतक्या वर्षांत संगणकाने विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न, असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः टाइप केलं. जुना दार क्रमांक, नवा दार क्रमांक (तामिळनाडूत घराला दोन्ही असतात), अग्रहाराचं नाव, देवळाची खूण, पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि ठळक अक्षरात पिन. या पत्त्याचे परिणाम पुढे दिसले. कुंभकोणमला नवग्रहांची यात्रा करायला आलेले पुणेकर गाडी वळवून भर दुपारी दारात उभे राहू लागले. ‘तुमचं ते मेल येतं ना, त्यात पत्ता होता.’ ते चित्रं बघतात, ताक पितात, फोटो काढतात आणि ‘मेल येतोच आहे’ म्हणून शुक्रालयाकडे निघतात.

सासऱ्यांचा दुसरा आनंदाचा क्षण म्हणजे परत आलेली पत्रं. ईमेल दोन तऱ्हांनी परत येतं: कच्चं परतणं, म्हणजे पेटी भरली आहे, थोड्या वेळाने पाहा, आणि पक्कं परतणं, म्हणजे असा माणूसच इथे नाही. ‘डोअर लॉक्ड आणि लेफ्ट,’ सासरे तात्काळ म्हणाले. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नावांनी मला घाम फोडला होता. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल त्यासाठी फार कडक झालं आहे. ते मी त्यांना भीत भीत सांगितलं. पत्र कुठल्या कचेरीतून निघायला परवानगी आहे त्याची यादी, लखोट्यावरची मोहोर, आणि मोहोर जुळली नाही तर पत्राचं काय करायचं याचा लेखी हुकूम. ‘यात नवीन काय?’ ते म्हणाले. खरोखर नवीन काही नव्हतं. फक्त मोहोर चारशे अक्षरांची होती आणि मी ती फोनवरून कॉपी करत होतो.

नवीन होतं ते पुढे. ठोक पत्रं पाठवणाऱ्यांना जीमेल सांगतं की ‘स्पॅम’ म्हणणारे हजारात तीनच्या आत असले पाहिजेत. आमच्या यादीत त्या हिशोबाने दोन माणसं रुसली की पुरे. दोन? आमच्या घराण्यात एका बारशाला याहून जास्त रुसतात.

सर्व्हिस शेवटी सापडली ती सासऱ्यांच्या त्या पहिल्या प्रश्नामुळेच. मी उलटा शोध घेतला: माणसं मोजत नाही, पत्रं मोजते अशी कोण आहे? ब्रेव्हो निघाली. आधीचं नाव सेंडिनब्लू, मुक्काम पॅरिस. यादीत सहाशे असोत की सहा हजार, त्यांची हरकत नाही. फुकट हप्त्यात रोज 300 पत्रं धाडा. ‘म्हणजे तिकीट पत्रालाच,’ सासरे म्हणाले. ‘बरोबर आहे.’ नाव यांनीही एकदा बदललं होतं, तिकडे त्यांनी समंजस दुर्लक्ष केलं. फक्त फ्रेंच म्हटल्यावर सासूबाई थोड्या गप्प झाल्या. ‘1739 साली आम्ही त्यांना कारैकाल दिलं,’ त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, ‘म्हणजे ते आपलं काहीतरी लागतात.’

पहिला अंक गेला. दुसऱ्या दिवशी मी आकडे उघडले. किती जणांनी पत्र उघडलं हे त्यात दिसतं, माणसागणिक दिसतं, आणि दिसू नये ते दिसतं. सख्ख्या भावाने उघडलेलं नव्हतं. अण्णांनी उघडलं होतं. पोचल्याच्या त्याच मिनिटाला. 2021 पासून अॅपलच्या फोनवर खाजगीपणासाठी पत्रातली चित्रं आधीच परस्पर उतरवून घेतात, त्यामुळे कुणी न वाचताही ‘उघडलं’ अशी नोंद होते. अण्णांचा फोन आता नातवाकडे आहे आणि पेटी तशीच चालू आहे. हे सगळं मी समजावून सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. ‘बघा,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही खोडणार होतात.’

खरं प्रकरण दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. रोज 300 म्हणजे सहाशेची यादी एका दिवसात जात नाही. मी वरून पहिली 300 आज, उरलेली उद्या आणि परवा अशी लावली होती. संध्याकाळी कुंभकोणमच्या आत्याबाईंचा फोन. त्यांच्या जावेला पत्र काल आलं, त्यांना आज. ‘आम्ही दुसऱ्या पंगतीचे का गं?’ सासूबाई उभ्याने बोलत होत्या, त्यावरून गांभीर्य कळलं. पुढच्या महिन्यात यादी उलटी केली. आत्याबाई खूश, जाऊबाईंचा फोन. त्याच्या पुढच्या महिन्यात सासऱ्यांनी पिन कोडप्रमाणे गठ्ठे बांधायचं ठरवलं, त्यासाठी नाव नोंदवायच्या फॉर्मात पिन सक्तीचा केला, आणि न्यू जर्सीची सगळी मंडळी ‘अपुरा पत्ता’ या शेऱ्याखाली शेवटच्या दिवसावर गेली.

महिन्याचे थोडे पैसे भरले तर ही रोजची मर्यादा जाते, सगळी पत्रं एकदम निघतात, हे मी सांगून पाहिलं. ‘एकदम?’ सासूबाई म्हणाल्या. ‘मग आत्याबाईंना आधी पाठवलं हे त्यांना कसं कळणार?’

आता सासऱ्यांनी लाल बांधणीचं एक रजिस्टर घातलं आहे. डाव्या पानावर पहिला दिवस, उजव्यावर बाकीचे. मानाच्या माणसांपुढे ‘कायम पहिला दिवस’ असा शेरा मारून ते खाली सही करतात. त्या शेऱ्याची आजवर 311 नावं झाली आहेत.